विरघळायला नकार : रिटोनाविर कॅप्सूलचे १९९८ मधले प्रकरण

१९९८ च्या मध्यावर अॅबट लॅबोरेटरीज या अमेरिकी कंपनीत रिटोनाविर या एचआयव्हीवरच्या औषधाच्या कॅप्सूलच्या काही बॅच एका चाचणीत नापास होऊ लागल्या. त्याआधी याच कॅप्सूलच्या सुमारे २४० बॅच विनातक्रार बाहेर पडल्या होत्या. कृती बदललेली नव्हती, यंत्रे बदललेली नव्हती. कॅप्सूलमधले औषध रासायनिक पृथक्करणात चोख निघत होते आणि लेबलवर १०० मिलिग्रॅम लिहिले असेल तर आत १०० मिलिग्रॅमच होते. फक्त ते विरघळत नव्हते.

औषधनिर्माणशास्त्राच्या वर्गात हे प्रकरण बहुतेक वेळा रहस्यकथेसारखे सांगितले जाते: कुठून तरी एक अदृश्य कण आला आणि त्याने कारखाना नासवला. कण खरा होता. पण मला त्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो तो त्याआधीचा निर्णय, कागदावर अगदी शहाणपणाचा दिसणारा. ‘औषध तर आत विरघळूनच भरले आहे, मग त्याच्या स्फटिकाची चौकशी कशाला?’ हा तो निर्णय. प्रकरणाचे मूळ तिथे आहे, त्यामुळे सुरुवात थोडी आधीपासून करतो.

औषध आणि त्याची घाई

रिटोनाविर हे एचआयव्हीच्या प्रोटीएज या विकराला (एन्झाइमला) अडवणारे औषध. हे विकर अडले की विषाणूच्या नव्या प्रती अर्धवट, निरुपयोगी राहतात. या गटातले पहिले औषध, सॅक्विनाविर, डिसेंबर १९९५ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. रिटोनाविरला १ मार्च १९९६ रोजी मंजुरी मिळाली, अर्ज दाखल झाल्यापासून अवघ्या ७२ दिवसांत. त्याच महिन्यात इंडिनाविरही आले. त्या काळात एवढ्या घाईला कोणी घाई म्हटले नसते. अमेरिकेत एड्सने होणारे मृत्यू १९९६ च्या तुलनेत १९९७ मध्ये ४७ टक्क्यांनी घटले, आणि त्यात या नव्या गटाला जुन्या औषधांसोबत देण्याचा वाटा फार मोठा होता. रिटोनाविरच्या मुख्य चाचणीत आजार बराच बळावलेले १,०९० रुग्ण होते.

प्रौढांचा डोस होता ६०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. म्हणजे १०० मिलिग्रॅमच्या सहा कॅप्सूल सकाळी, सहा संध्याकाळी, आणि डबी फ्रिजमध्ये. आज हे वाचताना जाच वाटतो, पण तेव्हा रुग्ण तो निमूट सोसत होते.

डोस एवढा मोठा का, याचे उत्तर रेणूतच आहे. रिटोनाविरचा रेणूभार ७२० च्या आसपास, म्हणजे तोंडाने घ्यायच्या औषधांत चांगलाच अगडबंब. ज्या प्रथिनाच्या तुकड्याला विकर कापते त्याची नक्कल करून तो बेतला असल्यामुळे लांबट, लवचिक आणि तेलकट स्वभावाचा. पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. जठराच्या तीव्र आम्लात थोडाफार विरघळतो, पण पुढे लहान आतड्यात, जिथे शोषण व्हायचे, तिथे आम्लता उतरते आणि विद्राव्यता कोसळते.

तोंडाने घेतलेल्या औषधाला रक्तात पोहोचायला ठरावीक टप्पे पार करावे लागतात. आधी गोळी किंवा कॅप्सूल फुटायला हवी. मग घन कण आतड्यातल्या द्रवात विरघळायला हवा. आतड्याच्या आवरणातून आरपार जातो तो सुटा, विरघळलेला रेणू. कण कितीही बारीक असला तरी कण म्हणून तो बाहेरच राहतो. त्यानंतर आतड्याच्या भिंतीतली आणि यकृतातली विकरे, विशेषतः सीवायपी ३ए४, आलेल्या मालातला काही भाग वाटेतच मोडून टाकतात. रिटोनाविरची गंमत अशी की ते स्वतःच या विकराला जबरदस्त अडवते. पुढे याच गुणामुळे त्याला दुसरा जन्म मिळाला, पण तो भाग नंतर.

ज्या औषधाचे घोडे विरघळण्यापाशीच अडते, त्यासाठी कोरडी पावडर कॅप्सूलमध्ये भरण्याचा मार्ग बंद असतो. शरीरात त्यातली बहुतेक पावडर न विरघळताच विष्ठेत जाईल. मग औषध आधीच विरघळवून द्यायचे. अॅबटने तेच केले. पहिल्या कॅप्सूलमध्ये रिटोनाविर अल्कोहोल, प्रॉपिलीन ग्लायकोल, नारळासारख्या तेलांपासून मिळणारी मध्यम लांबीची ट्रायग्लिसराइडे, आणि एरंडेल तेलापासून बनवलेला पॉलिऑक्सिल हा पायसकारक (तेल-पाणी एकजीव धरणारा पदार्थ) अशा मिश्रणात विरघळवून ते अर्धघन लगद्यासारखे भरले होते. पोटात गेले की पायसकारकामुळे त्याचे बारीक थेंब होतात आणि औषध विरघळलेल्या अवस्थेतच आतड्यापर्यंत पोहोचते. रचना म्हणून ही उत्तम होती, आजही मी ती वाईट म्हणणार नाही.

स्फटिकाची फाइल बंद का होती

एकच पदार्थ घन होताना रेणूंची मांडणी वेगवेगळ्या प्रकारे करू शकतो. ग्राफाइट-हिऱ्याचे उदाहरण शाळेतले आहे, पण औषधांत हा प्रकार अपवाद नसून नित्याचाच. याला बहुरूपता म्हणतात. रूप बदलले की वितळणबिंदू, घनता, कठीणपणा आणि विद्राव्यता हे सगळे बदलते, रेणू मात्र तोच राहतो. नियामकांना हे ठाऊक होते, आणि गोळीत घन औषध असेल तर कोणते रूप आहे ते सांगा, अशी अपेक्षा असे. रिटोनाविरच्या बाबतीत विकासाच्या काळात एकच रूप सापडले होते. त्यात औषध विरघळवून भरले जाणार. स्फटिक एकदा विरघळला की त्याचे रूप संपले, रेणूला आपण कोणत्या स्फटिकातून आलो याची आठवण नसते. म्हणून स्फटिकरूपावर नियंत्रण ठेवण्याची अट लागू झाली नाही. तर्क निर्दोष आहे, फक्त त्यात एक दिशा गृहीत धरली आहे: घनाकडून द्रावणाकडे. द्रावणातून पुन्हा घन बाहेर पडेल का, आणि पडलाच तर कोणत्या रूपात, हा प्रश्न त्या चौकटीत बसत नव्हता.

विल्हेल्म ऑस्टवाल्ड या रसायनशास्त्रज्ञाने १८९७ मध्येच नोंदवले होते की द्रावणातून घन बाहेर पडताना बहुधा आधी सर्वांत स्थिर रूप येत नाही, जवळचे, सहज जमणारे रूप येते. अधिक स्थिर रूप मागाहून येते, कधी मिनिटांनी, कधी वर्षांनी. आणि जॅक ड्युनिट्झ व जोएल बर्नस्टाइन या स्फटिकांच्या अभ्यासकांनी १९९५ मध्ये, म्हणजे रिटोनाविर मंजूर व्हायच्या आदल्याच वर्षी, ‘नाहीशा होणाऱ्या’ स्फटिकरूपांवर एक लेख लिहिला होता: वर्षानुवर्षे बनवलेले रूप एके दिवशी बनेनासे होते, कारण प्रयोगशाळेत अधिक स्थिर रूपाचे बीज, म्हणजे त्याच्या तयार स्फटिकाचा सूक्ष्म कण, शिरलेले असते. त्या वेळी अनेक रसायनतज्ज्ञांना ही गोष्ट किस्से-कहाणीच्या पातळीची वाटे.

चाचणी काय सांगत होती

कॅप्सूल नापास होत होत्या ती डिझोल्यूशन, म्हणजे विरघळण्याची, चाचणी दिसायला अगदी साधी. काचेच्या भांड्यात ठरलेला द्रव, ३७ अंश सेल्सिअस, त्यात ठरलेल्या वेगाने फिरणारे वल्हे. कॅप्सूल टाकायची, ठरावीक वेळांनी नमुना काढायचा आणि किती औषध द्रवात उतरले ते मोजायचे. क्वालिटी कंट्रोलच्या खोलीत सगळ्यांत कंटाळवाणे काम कोणते, असे विचारले तर बरेच जण याचेच नाव घेतील. विद्यार्थ्यांनाही ती परीक्षेपुरती लक्षात राहते. पण रिटोनाविर प्रकरणात धोका दिसला तो याच चाचणीत. शुद्धता मोजणाऱ्या क्रोमॅटोग्राफीत तो दिसणे शक्यच नव्हते, कारण त्या चाचणीची पहिली पायरी म्हणजे कॅप्सूलमधला माल तगड्या द्रावकात पूर्ण विरघळवणे. म्हणजे नेमका पुरावा नष्ट करूनच तपास सुरू करायचा.

नापास बॅचमधला लगदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्यात बारीक सुयांसारखे स्फटिक दिसले. क्ष-किरण विवर्तनात त्यांचा ठसा ओळखीच्या रिटोनाविरशी जुळेना. रासायनिक दृष्ट्या ते रिटोनाविरच होते, नव्या मांडणीतले. जुन्याला रूप १ आणि नव्याला रूप २ असे नाव पडले.

पुढच्या तपासात जे निघाले ते मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत सुंदर वाटते. दोन रूपांत नुसती रचून ठेवण्याची पद्धत वेगळी नव्हती, रेणूचा स्वतःचा आकारच वेगळा होता. रिटोनाविरच्या रेणूत कार्बामेट नावाचा अणूंचा एक गट असतो. तो दोन प्रकारे वळू शकतो. रूप १ मध्ये तो नेहमीच्या, सोयीच्या वळणात आहे, रूप २ मध्ये उलट, अवघड वळणात. एकट्या रेणूला ते वळण परवडत नाही. पण सगळ्यांनी ते घेतले तर हायड्रोजन बंध देऊ शकणारा प्रत्येक गट आणि घेऊ शकणारा प्रत्येक गट जोडीला लागतो, कोणी मोकळा राहत नाही, आणि स्फटिक फार घट्ट विणला जातो. घट्ट विणलेला स्फटिक अधिक स्थिर, आणि म्हणूनच कमी विरघळणारा. अल्कोहोल-पाण्याच्या मिश्रणांत ५ अंशांवर दोन्ही रूपांची विद्राव्यता मोजली तेव्हा रूप २ चार ते पाच पट कमी विरघळत होते.

आता कॅप्सूलकडे परत या. त्यातले औषधाचे प्रमाण रूप १ च्या हिशेबाने ठरवले होते, आणि त्या हिशेबाने ते मर्यादेच्या आत होते. रूप २ च्या हिशेबाने मात्र तेच मिश्रण पहिल्या दिवसापासून कित्येक पट अतिसंपृक्त होते, म्हणजे मावेल त्याहून जास्त औषध त्यात विरघळलेले होते. घरी लाडवांचा पाक चढला की तो शांत दिसतो आणि एखादा साखरेचा कण पडला की भांडेभर साखरतो, तशी ती अवस्था. शिवाय कॅप्सूल २ ते ८ अंशांत ठेवायची सूचना होती, आणि थंडीत विद्राव्यता आणखी घसरते. टिकावी म्हणून जी फ्रिजची काळजी घेतली, ती स्फटिकांच्या पथ्यावर पडली.

म्हणून मी म्हणतो की बीज हा फक्त मुहूर्त होता. बीज न येताही २४० बॅच पार पडल्या, कारण रूप २ चा पहिला अंकुर फुटायला असंख्य रेणूंनी एकाच वेळी ते अवघड वळण घ्यावे लागते, आणि हा योग दुर्मीळ. तो जुळला कसा, याबद्दल अॅबटच्या शास्त्रज्ञांनी एक पटणारा खुलासा मांडला: रिटोनाविर बनवताना विघटनातून क्वचित तयार होणाऱ्या एका चक्रीय कार्बामेटचा आकार रूप २ मधल्या वळणाशी मिळताजुळता आहे, आणि त्याच्या पृष्ठभागावर रूप २ चा पहिला थर बसला असावा. एकदा पहिला स्फटिक झाला की पुढच्यांना साचा आयता मिळतो.

पसरणे

काही आठवड्यांतच रूप २ नुसत्या कॅप्सूलमध्ये राहिले नाही, कच्च्या औषधातही दिसू लागले. अंगावरच्या कपड्यांत, हवेत, यंत्राच्या फटीत राहणारी, डोळ्यांना न दिसणारी कणिका पुरेशी होती. अॅबटचे कच्चे औषध इटलीतही बनत होते आणि तिथे तोपर्यंत रूप १ मिळत होते. रूप २ शी संपर्क आलेल्या शास्त्रज्ञांची तुकडी त्या कारखान्याला भेट देऊन आली, आणि त्यानंतर लवकरच तिथल्या मालातही रूप २ उतरू लागले. भेट आणि उगम यांत कार्यकारण संबंध सिद्ध करणे अवघड, पण कंपनीतल्या लोकांनीही तो योगायोग मानला नाही.

त्यानंतरची धडपड प्रक्रिया-रसायनशास्त्रज्ञांची. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधाचे पहिले लेखक संजय चेंबूरकर. आडनाव पाहून मराठी वाचकाची भुवई उंचावणारच. त्यांच्यापुढचा प्रश्न विचित्र होता: जे रूप निसर्गाला आता नको आहे, ते हट्टाने कसे बनवायचे? साधारणपणे थंड होणाऱ्या द्रावणातून स्फटिक पडू देतात. त्यांनी दिशा उलटी केली. हेप्टेनमध्ये रूप १ चे भरपूर बीज तरंगत ठेवायचे आणि त्यात एथिल अॅसिटेटमधले रिटोनाविरचे द्रावण हळूहळू सोडायचे. आत पडणाऱ्या प्रत्येक थेंबाला चहूकडे रूप १ च भेटते, आणि अवघड वळण घ्यायला उसंत मिळण्याआधी रेणू त्या स्फटिकांवर बसून जातो. अशा रीतीने हवे ते रूप हमखास मिळू लागले, रूप २ असलेल्या आवारातही. म्हणजे ‘नाहीसे झालेले रूप कायमचे गेले’ हे वाक्य, जे या प्रकरणाबद्दल सर्रास ऐकू येते, ते खरे नाही. बनवणे महाग आणि नाजूक झाले, एवढेच.

पण रूप १ परत मिळाल्याने कॅप्सूल वाचत नव्हती. भरल्यावर, फ्रिजमध्ये, दुकानात, रुग्णाच्या घरी आत रूप २ पडणार नाही याची हमी कोण देणार? कॅप्सूल बाजारातून गेली.

रुग्णांच्या बाजूने

उरले होते पातळ औषध, तोंडाने घ्यायचे द्रावण: एका मिलिलिटरमध्ये ८० मिलिग्रॅम. सहा कॅप्सूलऐवजी साडेसात मिलिलिटर, दिवसातून दोनदा. कागदावर ही सोयच वाटते. पण या द्रावणात ४३ टक्के अल्कोहोल होते. भारतात व्हिस्कीच्या बाटलीवर ४२.८ लिहिलेले असते. चव इतकी कडू आणि चिवट की चॉकलेट दुधात मिसळून तासाभरात घ्या, असा सल्ला खुद्द लेबलवर होता. दारूचे व्यसन सोडलेल्या रुग्णाने काय करायचे? ज्याला मेट्रोनिडाझोलसारखे, अल्कोहोलशी न जमणारे औषध चालू आहे त्याने? गंमत म्हणजे या द्रावणाला फ्रिजमध्ये ठेवू नका अशी सूचना नंतरच्या लेबलवर आली, कारण थंडीत तिथेही स्फटिक पडण्याची भीती. वर्षानुवर्षे ‘हे औषध फ्रिजमध्येच’ म्हणणाऱ्या रुग्णाला आता नेमके उलटे सांगायचे होते.

इतर अनेक आजारांत काही आठवडे औषध कमी शोषले गेले तर त्रास वाढतो आणि पुढे सावरतो. एचआयव्हीत तसे नाही. रक्तातली पातळी अर्धवट राहिली तर विषाणू मरत नाही पण निवडला जातो: औषधाला दाद न देणारे उत्परिवर्तित विषाणू तेवढे टिकतात, वाढतात, आणि मग पुढे पूर्ण डोस देऊनही उपयोग होत नाही. एवढेच नाही, या गटातल्या शेजारच्या औषधांनाही ते दाद देईनासे होतात. म्हणून नापास बॅच ‘थोड्या उन्नीस-बीस’ म्हणून सोडणे अशक्य होते. तुटवडा पत्करला, हा निर्णय मला बरोबर वाटतो. या प्रकरणात अॅबटचे सुमारे २५ कोटी डॉलरच्या विक्रीचे नुकसान झाले, असा अंदाज नेहमी दिला जातो.

जून १९९९ मध्ये नवी मऊ जिलेटिनची कॅप्सूल मंजूर झाली. तिच्यात ओलेइक आम्ल, अल्कोहोल आणि तोच एरंडेलवाला पॉलिऑक्सिल होता. या मिश्रणात रूप २ देखील पुरेसे विरघळून राहते. शत्रूला हाकलण्याऐवजी त्याला सामावून घेणारे भांडे बनवले, असे म्हणता येईल. फ्रिजची कटकट मात्र राहिलीच.

दुसरा जन्म आणि गोळी

एव्हाना रिटोनाविरची भूमिका बदलू लागली होती. ६०० मिलिग्रॅमच्या डोसाने मळमळ, जुलाब, तोंडाभोवती मुंग्या असा त्रास फार. पण १०० मिलिग्रॅमएवढ्या छोट्या डोसातही ते सीवायपी ३ए४ ला बांधून ठेवते, आणि मग सोबतचे दुसरे प्रोटीएज-रोधक रक्तात जास्त वेळ टिकते. रिटोनाविर मुख्य औषधाचे ‘बूस्टर’ बनले. २००० मध्ये आलेल्या लोपिनाविर (मुख्य प्रोटीएज-रोधक) आणि रिटोनाविर या जोडीने हीच कल्पना एका कॅप्सूलमध्ये आणली, पण पुन्हा फ्रिजची अट होतीच, आणि दिवसाला सहा कॅप्सूल.

ज्या देशांत एचआयव्हीचा भार सर्वाधिक, तिथे ही अट म्हणजे औषधाला दिलेला नकारच. भारतात राष्ट्रीय कार्यक्रमातली मोफत दुसऱ्या फळीची (पहिली औषधे लागू पडेनाशी झाल्यावरची) उपचारपद्धती जानेवारी २००८ मध्ये मुंबईचे जे. जे. रुग्णालय आणि चेन्नईजवळचे तांबरम या दोन केंद्रांवर सुरू झाली. तिचा कणा रिटोनाविरची जोड असलेले प्रोटीएज-रोधकच होते. जे. जे.च्या रांगेतल्या किती जणांच्या घरी फ्रिज होता, आणि असला तरी आजार लपवून एकत्र कुटुंबाच्या फ्रिजमध्ये ती डबी ठेवणे किती जणांना जमले असते, हे प्रश्न विद्राव्यतेच्या आलेखात दिसत नाहीत.

वाट निघाली ती स्फटिकालाच रजा देऊन. औषध कोपोव्हिडोन या बहुलकाबरोबर (पॉलिमरबरोबर) तापवून वितळवायचे, दाबाने यंत्रातून बाहेर काढायचे, थंड करायचे. प्लास्टिक उद्योगातले हे तंत्र औषधात आणले. घट्ट झालेल्या त्या काचेसारख्या मालात औषधाचे रेणू बहुलकाच्या जाळ्यात विस्कळीत अडकलेले असतात, त्यांना ना रूप १ असते ना रूप २. पाण्यात गेल्यावर ते झटकन सुटतात, आणि बहुलक त्यांना लगेच एकत्र येऊ देत नाही. २००५ मध्ये लोपिनाविर-रिटोनाविरची अशी गोळी अमेरिकेत मंजूर झाली: सहा कॅप्सूलऐवजी चार गोळ्या, फ्रिजशिवाय. एकट्या रिटोनाविरच्या गोळीला २०१० उजाडावे लागले.

यातला विरोधाभास लक्षात घेण्यासारखा आहे. विस्कळीत अवस्था ऊर्जेच्या हिशेबाने रूप १ पेक्षाही अस्थिर. म्हणजे एका अस्थिर अवस्थेने दगा दिला म्हणून तिच्याहून अस्थिर अवस्था निवडली, पण या वेळी डोळे उघडे ठेवून, तिला धरून ठेवणारे बहुलक सोबत घेऊन, आणि ओलावा हा शत्रू आहे हे जाणून.

या गोळीची आणखी एक अट आहे, जी दवाखान्यात सहज विसरली जाते. ती चावायची किंवा कुटायची नाही. मुलांना गिळता येत नाही म्हणून लोपिनाविर-रिटोनाविरची गोळी कुटून दिली तेव्हा दोन्ही औषधांचे शोषण सुमारे ४५ टक्क्यांनी घटलेले आढळले. पालकांच्या दृष्टीने त्यांनी पूर्ण डोस दिला होता. ‘पूड करून मधातून द्या’ हा आपल्याकडचा सर्वमान्य सल्ला इथे थेट औषध निम्मे करतो, आणि तो देणारा अनेकदा आपला फार्मासिस्टच असतो.

मुलांसाठी मग काय? त्यांच्या वाट्याला बराच काळ लोपिनाविर-रिटोनाविरचे तसेच कडू, चाळीस टक्क्यांवर अल्कोहोल असलेले, पण फ्रिजमध्ये ठेवायचे पातळ औषध आले. मुंबईच्या सिप्लाने वितळवून बनवलेल्या या मालाचे बारीक दाणे तयार केले; कॅप्सूल उघडून ते मऊ अन्नावर पेरायचे, न चावता भरवायचे. ४० मिलिग्रॅम लोपिनाविर आणि १० मिलिग्रॅम रिटोनाविरच्या या दाण्यांना २०१५ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेची तात्पुरती मंजुरी मिळाली आणि आफ्रिकेत ते वापरात आले. चव पूर्ण गेली नाही, पण बाटली आणि फ्रिज दोन्ही गेले.

कोणाची चूक?

वर्गात हा प्रश्न येतोच. १९९६ चा निर्णय तेव्हाच्या नियमांनुसार बरोबर होता, आणि अॅबटने रूप २ शोधले नाही असा आरोप करणे सोपे असले तरी अन्याय्य आहे. वॉल्टर मॅक्रोन या स्फटिकतज्ज्ञाने १९६० च्या दशकातच म्हटले होते की एखाद्या पदार्थाची किती रूपे सापडतात हे त्यावर किती वेळ आणि पैसा खर्च केला यावर ठरते. ७२ दिवसांत मंजूर होणाऱ्या औषधाला तो वेळ नव्हता, आणि तो घेतला असता तर त्या काळात किती माणसे गेली असती हेही त्याच तराजूत टाकायला हवे.

नियमाच्या चौकटीबद्दल मात्र माझी तक्रार आहे. ‘द्रव भरला आहे, म्हणून स्फटिकाची चिंता नाही’ हा निष्कर्ष औषध कोणत्या अवस्थेत भरले हे पाहतो, ते मुदत संपेपर्यंत कोणत्या अवस्थेत राहील हे पाहत नाही. १९९९ मध्ये देशोदेशीचे औषध-नियम जुळवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समन्वय परिषदेच्या क्यू६ए या मार्गदर्शिकेत बहुरूपतेसाठी निर्णयांची पायरीवार आकृती आली, आणि आज कंपन्या नव्या रेणूची रूपे शेकडो द्रावकांत, यंत्रमानवांच्या मदतीने शोधतात. तरी २००८ मध्ये रोटिगोटीन या पार्किन्सनवरच्या औषधाच्या त्वचेवर लावायच्या पट्टीत हिमकणांसारखे स्फटिक उमटले आणि अमेरिकेत ती पट्टी मागे घ्यावी लागली. २०१२ मध्ये ती नव्या घडणीत परतली. तिथेही औषध पट्टीत विरघळलेलेच होते.

रिटोनाविरचे दप्तर अजून मिटलेले नाही. २०२१ च्या अखेरीपासून निरमाट्रेलव्हिरबरोबर, कोविडच्या पॅक्सलोव्हिड या पाकिटातून, १०० मिलिग्रॅमची तीच बूस्टर गोळी जगभर गेली. आणि २०२२ मध्ये, दोन शोधगटांनी स्वतंत्रपणे, जवळपास एकाच वेळी, रिटोनाविरचे रूप ३ सापडल्याचे जाहीर केले. तोपर्यंत या रेणूवर पाव शतक तपास झालेला होता. रूप ३ मिळाले ते द्रावणातून नव्हे, वितळवलेल्या रिटोनाविरमधून.